शेवटच्या घराची नावं

वडूज,
४ ऑगस्ट १९७४

प्रिय आईस,
तुझ्या शांतवनचा प्रभूमध्ये सलाम.

आम्ही दोघं बरी आहोत. माझा खोकला गेला. तुझे गुडघे कसे आहेत? धाकटी क्षमा औषध वेळेवर देते ना? मिरजेत पाऊस आहे का? इथे नुसते ढग.

चर्चच्या मंडळीचं विचारलंस. बाकीची घरं एकेक करून गेली, केरबाचं घर तेवढं उरलं होतं. गेल्या रविवारी उपासना संपल्यावर तो थांबला. म्हणाला, "पाद्रीसाहेब, मंडळीच्या वहीतनं आमची नावं काढा. ख्रिस्ती लिहिलं की पोरीला मागासवर्गाच्या हॉस्टेलची सवलत मिळत न्हाई. घरी आमी प्रार्थना करूच की."

त्याचा बाप्तिस्मा माझ्याच हातचा. पण पोर लय हुशार आहे गं, तिला कसं अडवू? मी पाचही नावांवर रेघ ओढली. केरबा रडला. "आमच्यासाठी प्रार्थना करा," म्हणाला. मी वही कपाटात ठेवली.

आज चर्चमध्ये मी आणि तुझी सून, दोघंच. मी उपदेश सुरू केला, तशी ती म्हणाली, "आवं, मला एकटीला काय सांगताय? बसा जरा माझ्याजवळ." मग मी उपदेश तिथंच सोडून तिच्याजवळ जाऊन बसलो.

आई, मी रोज प्रार्थनेत मागतो, पण पलीकडे कुणी ऐकतंय असं आता वाटत नाही. एवढं बाबांना वाचून दाखवू नकोस.

तरी पुढच्या रविवारी दार उघडीन. कुणी येईल म्हणून नाही. बंद ठेवायचा धीर होत नाही, एवढंच.

तुझ्या आशीर्वादावर जगणारा,
शांतवन