भिंगरी वरच्या गटात

सोमवार, ३ तारीख

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. चार दिवस वही उघडलीच नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती — वहीलासुद्धा!

झालं असं. आमची नात भिंगरी बॉक्सिंग खेळते. गेल्या आठवड्यात घरी येऊन म्हणाली, "आजोबा, मी वरच्या गटात गेले." माझी शाळा चौथीत सुटली. वर जाणं म्हणजे पास होणं, एवढंच मला ठाऊक. गल्लीभर सांगत सुटलो. किराणावाल्याने उठून हात मिळवला. शेजारीण म्हणाली, पोरीने नाव काढलं. मग दाढीला गेलो. न्हावी बॉक्सिंगचे सगळे सामने बघतो. त्याचा वस्तरा हवेतच थांबला.

"अहो आजोबा, वजन वाढलं म्हणून गट बदलला. पास कसली होतेय? खाली ती दुसऱ्या नंबरवर होती. इथे पाटी कोरी."

अर्धा गाल फेसात, आणि मी घामाघूम.

मंगळवार

लोक अजून अभिनंदन करतायत. मी मान हलवतो आणि पुढे सटकतो.

बुधवार

सूनबाईंना हळूच विचारलं, पोरीला परत खाली नाही का आणता येणार? वरच्या गटातल्या पोरी ताडमाड, हात लांब. नाक मोडलं तर?

सूनबाई भांडी घासत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "मामंजी, वजन करायच्या आदल्या दिवशी ती काय करायची, विसरलात?"

कसा विसरेन? पाण्याचा घोट तोंडात फिरवून थुंकून टाकायची. आमची जेवणं होईपर्यंत रस्त्यावर फेऱ्या मारायची, घरातला वास नको म्हणून. बोललं की अंगावर यायची. आता ताटावर बसते, माझ्या ताटातलंही उचलते. काल हसता हसता ठसका लागला तिला.

खरं सांगायचं तर मला दोन्ही हवंय. पोरीने पोटभर खावं आणि पोरीला कुणी मारू नये. असा गट बॉक्सिंगमध्ये नाही. न्हाव्याकडे चौकशी केली.

शुक्रवार

उद्या परगावी सामना. समोर कोण, तर त्या गटातली पहिल्या नंबरची! भिंगरीला शिकवणारे मास्तर म्हणतात, तिथे टिकते का बघू, मग वर ठेवायचं की खाली आणायचं ते ठरवू. टिकते का म्हणजे काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

तिचं जर्किन दंडात आवळतं म्हणून बाह्या उसवायला घेतल्या. जन्मभर शिंपीकाम केलं, पण आज सुईत दोरा जाईना. टेप लावला तर म्हणते, "आजोबा, लग्नाचं माप घेताय का?" खांदे भरलेत. कंबर होती तेवढीच. मग जरा बरं वाटलं. मग परत नाक आठवलं.

मला नेत नाहीत. मागच्या सामन्यात मी पंचांना ओरडून सांगितलं होतं, अहो जरा जपून, लहान आहे ती.

शनिवार, दुपार

काही कळलं नाही. फोन दोनदा उचलून पाहिला. चालू आहे.

शनिवार, संध्याकाळ

मास्तरांचा फोन आला. हरली. अगदी थोडक्यात, म्हणाले. नाक जागेवर आहे, हे मी आधी विचारून घेतलं. मग म्हटलं, झालं तेवढं पुरे, आता तिला खाली आणा. तर हसायला लागले.

"ऐका तरी आजोबा. ती जिंकलेली पोरगी ओठाला बर्फ लावून माझ्याकडे आली. विचारते, तुमची भिंगरी याच गटात राहणार आहे का? म्हटलं, मी तिच्यावरच सोडलंय. तर म्हणते, खाली गेली तर बरं होईल हो."

भिंगरी जेवायला बसली होती, म्हणून फोनवर आली नाही. उठवू नका म्हटलं.

पोरी, वरच राहा. नाकाचं मी बघून घेईन. पण काय ठरवलंस ते लवकर कळव गं — उद्या किती शिजवायचं, सूनबाई विचारतायत.