डॉक्टरांचा घड

जळगाव, जुलै १९९२

जीवरामभाऊ, तुला नमस्कार.

सासूबाईंच्या दहाव्याला तू आलास, पण चार माणसांत हे बोलता आलं नाही.

माझं पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून सिझरचे पैसे तू भरलेस. फैजपूरला घरी नेल्यावर टाके पिकले, ताप उतरेना. तू मला पुन्हा जळगावच्या त्याच दवाखान्यात आणलंस. सिझरपेक्षा या दुखण्याचाच खर्च जास्त झाला. सासूबाई पैसे घेऊन आल्या, तर तू हात जोडलेस. म्हणालास, "बाळंतपण आमचं, तर दुखणंही आमचंच."

घरी सोडताना बिल निम्मंच आलं. डॉक्टर देवमाणूस, असं तू अजून म्हणतोस आणि दर वर्षी केळीचा पहिला घड त्यांना पोचवतोस. भाऊ, उरलेलं निम्मं सासूबाईंनी पाटल्या मोडून भरलं होतं. तुझा मान राहावा म्हणून मला शपथ घातली.

डॉक्टरांनाही ती केळी गिळवेनात. तू गेलास की ते घड आमच्याकडे पाठवायचे. सासूबाई एक केळं सोलून खायच्या आणि म्हणायच्या, "तुना भाऊनं केळं गोड शे." पुढच्या भेटीत तू विचारायचास, डॉक्टर काय म्हणाले? मी तेच सांगायचे.

हे पत्र टाकणार नाही. माणूस गेलं म्हणून शपथ सुटत नाही. पण यंदाचा घड गेल्या आठवड्यात आला. पिकून पिवळा झालाय, कोणी हात लावलेला नाही. राखीला येशील तेव्हा तू विचारशीलच.

डॉक्टर काय म्हणाले म्हणून सांगू?

तुझी धाकटी,
बेबी