पेटंटावरचं नाव

३ मार्च
आलं पेटंट! फ्रेम करून साहेबाच्या केबिनबाहेर टांगलंय म्हणे. 'वेल्डिंग मशिनांचा करंट दुरून ठरवण्याची पद्धत.' शोधकर्ता — साहेब! ज्याला मशीनची पुढची बाजू कोणती ते कळत नाही. माझं नाव औषधालासुद्धा नाही.

४ मार्च
डोकं अजून तापलेलंच आहे. इथे तरी लिहून ठेवतो. शेडमध्ये चाळीस मशिनं. पूर्वी जाड पत्रा आला की प्रत्येक वेल्डर आपापलं बटण फिरवून करंट लावायचा. माझा मोठा भाऊ सात नंबरच्या मशीनवर — दादा झाकणावर खडूने करंटचे आकडे लिहून ठेवायचा. मी सगळी मशिनं नेटवर्कला जोडली. आता ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवरून चाळीसही मशिनांना आकडे जातात. दोन वर्षं घासली त्यापायी! आणि साहेब काय म्हणाला? "तू वायरी जोडल्यास." राजीनामा टेबलावर आपटून आलो.

कुणी हाताने फिरवू नये म्हणून बटणांना सील लागलं तेव्हा दादाचे आकडे मीच पुसायला लावले. आता तो गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहितो.

९ मार्च
वकील म्हणाला, हरकत घेता येईल. "साक्षीदार आणा. आणि ही कल्पना तुमची, असं तारखेसकट कुठे लिहिलेलं असेल तर सोन्याहून पिवळं."
अहो, अकरा वर्षं रोजनिशी लिहितोय मी! बायको कायम हसते — "कुणासाठी एवढं लिहिता?" आता कळेल तिला.

१३ मार्च
साक्षीसाठी धरलेले दोघे वेल्डर फोनच उचलत नाहीत. भेकड! रोज माझ्याच डब्यात हात घालायचे.

१६ मार्च
दादा साक्षीदार म्हणून सही करायला आला. मागोमाग वहिनी. "भावोजी, ह्यांची गेटवरची खुर्चीही जाईल हो."
"गप गं," दादा म्हणाला.
प्रतिज्ञापत्र बोट ठेवून ओळ न ओळ वाचलं. 'ही कल्पना माझ्या धाकट्या भावाला सुचली' — तिथे बोट बराच वेळ थांबलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग एवढंच विचारलं — "तुझं नाव बरोबर लिहिलंय ना?" सही केली, चहा न घेताच गेला.
चला, एक तरी माणूस माझ्या बाजूने आहे.

१८ मार्च
माळ्यावरची ट्रंक उघडली. सहा वर्षांपूर्वीची वही. तारखेसकट, माझंच अक्षर —
'आज दादा म्हणाला, "अरे, हे माझे खडूचे आकडे तुझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून सगळ्या मशिनांना नाही का धाडता येणार?" हसलो. पण करून बघायला हवं.'

खालून बायको — "सापडली का हो वही?"
"नाही," म्हणालो.