अक्काच्या वेगाने

हैदराबाद

पोशव्वा अक्कास धाकट्या राजव्वाचा नमस्कार.

मी बरी आहे. तू दिलेले कुरकुरीत सकिनालू स्टुडिओतल्यांनीच फस्त केले. गाणं झालं एकदाचं.

रेकॉर्डिंगवाला संपत म्हणाला, "चिन्नम्मा, अक्कांचा आवाज गेलाय, तर तुमच्याच आवाजातून दुसरा बनवतो. सॉफ्टवेअर आहे."

"मेल्या, मग जोडीचं गाणं कसलं?"

तुझं घशाच्या ऑपरेशनआधीचं, मोबाइलवरचं गाणं त्याला दिलं. एका सॉफ्टवेअरने त्याने त्यातलं म्हशीचं ओरडणं काढून टाकलं, दुसऱ्यात आपले आवाज जोडले. पण तू नेहमीसारखी पुढे पळत होतीस.

"अक्कांना ओढून मागे आणू?"

"हात लावू नकोस तिला!"

मीच पुन्हा गायले, तुझ्या वेगाने.

गिळताना अजून दुखतं का? बावा फोनवर 'बायको बरी आहे' एवढंच सांगतात. तू स्वतः लिही.

तुझ्या मागोमाग गाणारी,
राजव्वा