बाबाचा ठेका, मशीनचा ठेका

चाकण

बाबा,
जयभीम. आईलेही सांगजा. मी इथं बरा आहो. जेवण कंपनीतच भेटते, खोलीत पाणी येते. फोन लावला का तुमी तो आईजवळ देता, म्हणून लिहून राह्यलो.

आता मी दुधाच्या स्टीलच्या टाक्या जोडतो. इतक्या पातळ पत्र्याले आपल्या सेलूच्या वेल्डिंगच्या दुकानात तुमी मले हात लावू देत नव्हते. इथल्या मशीनचा करंट झटक्याझटक्यानं येते. वाढला का पत्रा वितळते, लगेच उतरला का थिजते, पण आर्कची ज्योत विझत नाई. म्हणून भोक पडत नाई. तुमी रॉड टेकवत, उचलत मनगटानं जे करत होते, तेच आता मशीन करून राह्यली.

माझ्या हातून भोकं पडली तवा तुमी गिऱ्हाइकासमोर बोलले, "याच्या हाताले ठेकाच नाई." अन् धाकट्या राकेशले दुकानात बसवलं. पाटीवर लिहिलं, 'तानबा अँड सन'. सन एकच. त्या पाटीची चौकट मीच वेल्ड केलती.

राकेश दुकान वेळेवर उघडते ना? तुमी काळी काच लावता, का अजून उघड्या डोळ्यानं पाहता अन् डोळे जळले का बटाट्याच्या चकत्या ठेवता? आई म्हणते सगळं बरं हाये. मले पटत नाई.

काल साहेबानं माझ्या जोडावर बोट फिरवून पाह्यलं. विचारलं, कोणाजवळ शिकला.

मी म्हटलं, मशीनजवळ.

तुमच्या पाटीवर नसलेला,
अश्वजित