निळ्या ढालीवर चंदेरी गाडी

श्रूजबरी, ८ मार्च २००२

प्रिय नंदास आशीर्वाद.

मी ठीक आहे. गुडघ्याला तेल लावतेस ना?

केदारच्या इलाला शाळेत, इथल्या जुन्या घराण्यांचं मानचिन्ह असतं तशी, आपल्या घराण्याची ढाल काढायला सांगितली आहे. वर्णन ठरलेल्या भाषेत हवं: आधी ढालीचा रंग, मग चिन्ह, मग ते कसं आहे. तिनं लिहिलं, "निळ्या ढालीवर चंदेरी गाडी, उभी, आत बाबा, बसलेले."

"धावती काढ," मी म्हटलं.

"आजी, पार्क्ड आहे. लायब्ररीच्या मागे. स्कूलबसमधून रोज दिसते."

आपला केदार रोज ऑफिसला म्हणून निघतो. नोकरी गेली की इथे राहताही येत नाही. त्याला विचारायची मला भीती वाटते, नंदा. ह्यांच्या कानावर घालू नकोस.

आज आमटी थर्मासमध्ये भरून दिली. "आई, ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे," म्हणाला.

"असू दे," म्हटलं.

तुझी,
ताई