लग्नाआधीचं मत

१८ डिसेंबर १८८८, मंगळवार

लग्न केलं तर मत जातं! आज कळलं. लग्नाला चार आठवडे उरलेले असताना.

इथेल जिनगर सकाळी दुकानात मेणबत्त्या घ्यायला आला आणि मेणबत्त्या विसरून बोलतच बसला. जिल्ह्याचं पहिलं कौन्सिल निवडायचंय, चोवीस जानेवारीला. आजवर बड्या घरचे मॅजिस्ट्रेट सगळा कारभार आपापसांत वाटून घेत होते. आता माणूस लोकांनी निवडायचा. आमच्या नांतहेलिगमधून चॅपेलच्या लोकांनी इथेललाच उभं केलंय. समोर कर्नल वॉड्रे. तीस वर्षं मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीत, आणि निम्म्या खोऱ्याचा मालक. दोन हिवाळ्यांपूर्वी नदीवरचा साकव वाहून गेला, पोरं शाळेला तीन मैल वळसा घालून जातात, पण कर्नलच्या बंगल्याचा रस्ता मात्र दरवर्षी गुळगुळीत.

मतदारांच्या यादीत माझंही नाव आहे. घरपट्टी भरणाऱ्या विधवांना आणि बिनलग्नाच्या बायकांना या निवडणुकीत मत आहे म्हणे. "शोनेड गिटिन्स, दुकानदार." छापील. मी तीनदा वाचलं.

मग इथेल खाकरला. "पण पंधरा तारखेला तुझं लग्न ना? वकिलाचा कारकून म्हणतो, यादीत नाव असलं तरी त्या दिवशी बाई लग्नाची असली की मत बाद."

अडतीस वर्षांची झाले. "अजून नाही का जमलं?" विचारून लोकांनी वात आणला होता. बिनलग्नाची राहिल्याचा आयुष्यात पहिल्यांदा काही उपयोग होणार, तर मी नऊ दिवस आधी बोहल्यावर चढून बसणार!

२० डिसेंबर

नवरदेवाला, तुदुरला, सांगितलं. तो गाडीतून सलगमाची पोती उतरवत होता. टोपी काढली, परत घातली. कुठलाही विचार करायचा झाला की त्याला टोपी लागते.

"लग्न पुढं? कशासाठी?"

"मतासाठी."

"कुणाच्या?"

"माझ्या."

त्याने पुढचं पोतं खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "आणि लग्नासाठी पोसलेलं बदक?"

"राखून ठेव."

"ते खातं किती, माहितीये तुला?"

मी म्हटलं, तुदुर, मला आयुष्यात कुणी कशाबद्दल विचारलेलं नाही. दुकान बाबांनी ठेवलं म्हणून चालवलं. चॅपेलमध्ये मुलं दिली म्हणून शिकवली. आता सरकार विचारतंय, बाई, तुझं काय मत? तर मी काय सांगू, थांबा, नवऱ्याला विचारते?

त्याने पोतं खाली ठेवलं. "पाच फेब्रुवारी. मंगळवारच आहे. पण मग आणखी कसली निवडणूक काढू नकोस." एवढं बोलून गेला. चांगला माणूस आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली, डोंगरावरचं हाफोदचं ते एकटं घर सांभाळतो, कधी कुरकुर नाही. त्याच्यापुढे मी किती तणतणले, त्याची आता लाज वाटते आहे.

२७ डिसेंबर

गावभर झालंय. पोस्टातली बाई म्हणाली, "नवऱ्यापेक्षा मत प्यारं झालं का गं?" मी म्हटलं, नवरा नंतरही मिळेल. (मिळेल ना?)

६ जानेवारी १८८९, रविवार

आज हसून हसून पोट दुखलं.

आमच्या गावात मत असलेल्या बायका अकरा. बहुतेक विधवा. कुणाच्याच हातात कधी मतपत्रिका आलेली नाही. म्हणून रविवारची शाळा सुटल्यावर चॅपेलच्या मागच्या खोलीत तालीम घेतली. चिठ्ठीवर दोन नावं लिहिली, वर दूध, खाली ताक. म्हटलं, जे हवं त्याच्यापुढे फुली मारा. या बायका बटाट्याबरोबर तिन्ही त्रिकाळ ताक पिणाऱ्या. चिठ्ठ्या उघडल्या, तर दुधाला नऊ, ताकाला दोन!

कादी मावशीला विचारलं. चौऱ्याहत्तरची आहे, नवरा दगडाच्या खाणीत गेला, जीभ अजून धारदार. "मावशी, तू कधीपासून दूध प्यायला लागलीस?"

"कोण पितंय? नको म्हणून तर फुली मारली."

"अगं, हवं त्याला फुली मारायची!"

"वा! फुली म्हणजे नापास. ज्याला बायबलातलं वचन पाठ येत नाही त्याच्या नावापुढे तू फुली मारतेस. अकरा वर्षं झाली. माझ्या नातीच्या नावापुढे तर फुल्यांचं कुंपण घातलंयस."

सगळ्या माना डोलवायला लागल्या. खरंच की! रविवारच्या शाळेच्या वहीत फुल्या मीच मारते. सगळ्या गावाला मीच शिकवलंय की फुली म्हणजे नालायक. म्हणजे चोवीस तारखेला आमची माणसं उत्साहाने जाऊन कर्नलच्या नावावर फुली मारून येणार होती, आणि घरी येऊन म्हणणार, बरा नापास केला!

बायकाच कशाला, पुरुषही दर रविवारी याच शाळेत बसतात.

९ जानेवारी

दारोदार. गुडघ्यापर्यंत चिखल. प्रत्येक घरात तेच. "फुली म्हणजे शाबासकी." लोहार म्हणाला, "आधी ठरवा बुवा काय ते."

१३ जानेवारी, रविवार

वहीत आजपासून उलटं केलं. ज्याला वचन येतं त्याला फुली. पाळकसाहेबांनी वही पाहिली आणि घाबरून विचारलं, "शोनेड, अख्खा वर्ग नापास?" त्यांना समजावून सांगता सांगता चहा थंड झाला. पण लोक आता नीट शिकलेत. आज तालमीत ताक अकराच्या अकरा मतांनी निवडून आलं.

१५ जानेवारी

आज लग्न असतं. दुकानात दिवसभर पीठ आणि रॉकेल विकलं. तुदुर आला नाही. बर्फ पडतंय म्हणून असेल. नवा झगा काढून पाहिला आणि परत ठेवला. वाईट वाटलं, उगाच कशाला नाही म्हणू.

२४ जानेवारी, गुरुवार

सगळं लिहून ठेवते, एक अक्षर सोडणार नाही.

मतदान शाळेत. बाहेर गारा. कर्नलच्या दोन घोडागाड्या, निळ्या फिती लावलेल्या, सकाळपासून मतदार आणत होत्या. आमची माणसं पायी. अकरा वाजता मी दुकान बंद केलं आणि कादी मावशीला घेऊन गेले. मावशी आत गेली, बाहेर आली आणि मोठ्याने म्हणाली, "शाबासकी दिली!" पोलीस म्हणाला, आजीबाई, गुप्त असतं ते. मावशी म्हणाली, "मी कुठं नाव घेतलं?"

मग मी. नाव सांगितलं. शहरातून आलेले अधिकारी यादीत बोट फिरवत होते, तेवढ्यात कर्नलचा कारभारी स्नेप उठला. इंग्रज, वीस वर्षं इथं राहून आमच्या भाषेतले दोन शब्द शिकला नाही. हातात कागद. रजिस्ट्रारच्या फळ्यावरच्या नोटिशीची नक्कल. 'शोनेड गिटिन्स आणि तुदुर एलिस, विवाह, पंधरा जानेवारी.' तारीख बदलली तरी ती नोटीस कुणी उतरवलीच नव्हती! स्नेप म्हणाला, ही लग्नाची बाई आहे, हिला मत नाही.

मी म्हटलं, लग्न झालेलं नाही. अधिकारी म्हणाले, कागदावरची तारीख तर उलटली. आमची माणसं साक्ष द्यायला लागली, तर स्नेप म्हणाला, ही सगळी इथेलचीच. पाळकसाहेब वरच्या गावातल्या केंद्रावर गेलेले. रजिस्ट्रार शहरात, नऊ मैलांवर. अंगठी नाही म्हणून हात पुढे केला. स्नेप हसला आणि म्हणाला, अंगठी काय, काढता येते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. आणि खरं सांगायचं तर रडूच येत होतं. एवढं करून!

शेवटी अधिकारी म्हणाले, "तो तुदुर एलिस इथे येऊन समक्ष सांगेल, तर मी मानेन."

हाफोद डोंगरावर, चढ दीड तासाचा. मी वळून पाहते तो कादी मावशी कर्नलच्या गाडीत चढून बसलेली! गाडीवानाला सांगत होती, "हाफोदचा मतदार आणायचाय, चल लवकर." गाडीवान म्हणाला, "तुदुर ना? तो आमचाच." आणि घोडे हाकले. मावशी खिडकीतून मला हात करत गेली, जन्मभर गाडीतच फिरल्यासारखी.

तासाभराने आले. निळ्या फितींच्या गाडीतून तुदुर उतरला. गोठ्यातूनच उचलून आणलेला, बुटांना शेण, बाहीला पेंढा. शाळेत तोवर ही गर्दी. अधिकाऱ्यांनी विचारलं, ही बाई तुमची पत्नी आहे का?

तुदुरने टोपी काढली. माझ्याकडे पाहिलं. "नाही साहेब. ही माझी बायको नाही." मग म्हणाला, "केली असती पंधरालाच. हिनंच थांबवलं, या तुमच्या कागदासाठी. तेवढा द्या तिला आता."

सगळी शाळा हसली. अधिकारीसुद्धा. स्नेप कागदाची घडी करत बसला. मला मतपत्रिका मिळाली. फळीच्या आडोशाला गेले, पेन्सिल दोरीने बांधलेली. फुली सरळ आली. आयुष्यात मारलेली सगळ्यात सुंदर फुली.

माझ्यामागून तुदुरनेही मत टाकलं. बाहेर आला तेव्हा लालबुंद झाला होता. मी चारचौघांत त्याचा हात धरला.

२५ जानेवारी

जिंकलो! इथेल २३१, कर्नल २२४. सात मतांनी! दुपारी शहरातून घोडेस्वार आला, आणि अख्खं गाव रस्त्यावर. इथेलला त्याच्याच दुकानातल्या नव्या खोगिरावर बसवून चौघांनी खांद्यावर घेतलं. तो ओरडतोय, "खोगीर गिऱ्हाइकाचं आहे रे!" चॅपेलमध्ये चार सुरांत गाणं, खिडक्या थरथरल्या. इथेलने भाषण केलं, पहिलं काम साकव. मग म्हणाला, "अकरा बायका नसत्या तर मी आज चार मतांनी पडलो असतो." कादी मावशी उभी राहून म्हणाली, "गाडी कर्नलची होती, त्यांचेही आभार माना."

मी दुकानातला सगळा मनुकांचा पाव वाटून टाकला.

३० जानेवारी

इथेलने साकवाच्या जागेचं मोजमाप सुरू केलं. स्वतः, दोरी घेऊन, कमरेएवढ्या पाण्यात. सर्दीने नाक लाल, पण अजून हवेतच आहे. आम्ही सगळेच आहोत.

२ फेब्रुवारी, शनिवार

तुदुर आला. बसला नाही. म्हणाला, लग्नाआधी सांगायला हवं. "मी मत कर्नलला दिलं."

सहा वर्षांपूर्वी त्याची बायको आजारी असताना कर्नलने स्वतःचा डॉक्टर महिनाभर डोंगरावर पाठवला होता. ऑक्टोबरात कर्नलने मत मागितलं, याने शब्द दिला. "आत कुणी बघत नव्हतं, शोनेड. पण शब्द दिला होता." म्हणजे माझं मत त्याचं मत खोडणार, हे ठाऊक असताना हा माणूस गारांतून आला आणि माझी फुली मला मिळवून दिली.

आधी चिडले. खूप बोलले. मग ध्यानात आलं – मंगळवारपासून माझं मत जाणार आणि घरात एकच उरणार, त्याचं.

त्याला म्हटलं, तीन वर्षांनी पुन्हा निवडणूक आहे. तेव्हा आणि पुढे दर वेळी तू मी सांगेन तिथे फुली मारायचीस. शब्द दे, नाहीतर मंगळवारी येऊ नकोस.

त्याने टोपी काढली. चूल विझत आली तरी उभाच होता. मग शब्द दिला.

मंगळवारी दहा वाजता लग्न.